तांबी (दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत बसवतात ती कॉपर टी) बसवली आणि नंतर कुणी काढूनच दिली नाही तर?

हा प्रश्न ओपीडीत सारखा येतो, फक्त सरळ कुणी विचारत नाही. आधी "तांबी वर सरकून काळजापर्यंत जाते म्हणे", मग "मिस्टरांना टोचते म्हणे", आणि खरी भीती सगळ्यात शेवटी.

सविता (नाव बदललंय) 24 वर्षांची, मुलगी 8 महिन्यांची, पुढचं मूल तीनेक वर्षांनी हवं. गोळी रोज लक्षात राहत नाही, कंडोमला नवरा टाळाटाळ करतो, म्हणजे कॉपर टी चालली असती पण ती नाहीच म्हणत होती. सिस्टरने चार्ट दाखवून झाला होता. मी म्हटलं, अगं तुझ्या घरात कुणी बसवली होती का? तर जाऊबाईंची गोष्ट निघाली. डिलिव्हरी झाल्या झाल्या टेबलवरच बसवली, घरी आल्यावर कळलं. आता 48 तासांच्या आत बसवता येते हे खरं, पण आधी बाईला विचारायला नको? कळा चालू असताना घेतलेल्या सहीला मी तरी संमती मानत नाही. मग अंगावरून खूप जायला लागलं, काढायला गेल्या तर "होईल सवय, एवढ्यात कशाला काढतेस" म्हणून परत पाठवलं, शेवटी खाजगीत पैसे भरून काढली. हे बघितलेल्या बाईला चार्ट काय दाखवणार.

म्हणून मी आधी काढायचंच सांगितलं. धागा असतो, चिमट्याने ओढतात, बहुतेक वेळा दोन मिनिटांचं काम. कारण सांगायची गरज नाही, नवऱ्याची सही लागत नाही, काढली की लगेच दिवस राहू शकतात. 380ए नावाची कॉपर टी 10 वर्षं चालते म्हणजे 10 वर्षं ठेवलीच पाहिजे असं नाही. आणि लपवलं काहीच नाही, पहिले 3 ते 6 महिने पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं, कधी ती आपोआप पडूनही जाते म्हणून धागा चाचपायचा, काळजापर्यंत जात नाही पण हजारात एखादीला बसवताना पिशवीला छिद्र पडू शकतं.

अडचण हिमोग्लोबिनची होती, 9.2 म्हणजे कमीच, त्यात पाळीत जास्त जायला नको. हार्मोनवाल्या तांबीने पाळी कमी होते पण ती आमच्याकडे फुकट नाही, बाहेर काही हजार लागतात, तिच्या घरी ते कोण देणार? दिवस राहू नयेत म्हणून दर 3 महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन फुकट आहे पण बंद केल्यावर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात, ते तिला नको वाटलं. दंडात बसवायचं इम्प्लांट आत्ता कुठे काही जिल्ह्यांत आलंय, आमच्याकडे नाही.

सासूबाई बाहेरच बसल्या होत्या, त्यांचं म्हणणं लगेच दुसरं होऊ दे आणि मग ऑपरेशन करून टाक, मधे हे कशाला. बरं त्या एकट्याच असं म्हणतात असंही नाही, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात लग्न झालेल्या बायकांपैकी नसबंदी केलेल्या 37.9 टक्के आणि तांबीवाल्या फक्त 2.1. मी त्यांना एवढंच म्हटलं, मावशी, हिच्या अंगात रक्त किती आहे ते बघा, लगेच दुसरं बाळंतपण झेपेल का हिला?

सविताने लोहाच्या गोळ्या चालू केल्या आणि पुढच्या पाळीत स्वतःहून येऊन तांबी बसवून गेली. काढायची झाली तर कुठल्या दिवशी कुठल्या खोलीत यायचं ते केसपेपरवर लिहून दिलंय. सहा आठवड्यांनी आली तेव्हा पाळी चारऐवजी सात दिवस चालली होती, गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या, म्हणाली "अजून तरी जमतंय ताई, नाही जमलं तर येते काढायला". सासूबाई अजून नाराजच आहेत.