नावापुढची अक्षरं कुणाला हवी आहेत?

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात साखर कारखान्यात पॅनमन (रस उकळून साखरेचे दाणे पाडणारा कामगार) आहे. मुलगा केमिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७१ टक्के पडतात. आमच्या जुन्या साहेबांनी नोकरी करत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्सची परीक्षा दिली आणि ते मोठ्या पदावर गेले. मुलानंही तेच करायचं, कॉलेजची फी वाचेल, असं मी ठरवलं आहे. त्याला विचारून काय उपयोग, त्याला अजून काय कळतंय? योग्य ना?
– एक पालक, जि. सांगली

उत्तर : ठरवून झालंय, मग मला कशाला विचारता? गुणांची मला काळजी वाटत नाही, ७१ टक्के चांगले आहेत. काळजी वाटते ती ‘त्याला काय कळतंय’ या वाक्याची. हंगामात पाळी आठवड्याला बदलते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रात्रपाळीहून आलेल्या पोरानं शिक्षकाशिवाय, एकट्यानं थर्मोडायनॅमिक्स आणि मास ट्रान्सफर करायचं, हे तुम्ही ठरवलंत; आणि ज्यानं करायचं, तो पत्रात कुठेच बोलत नाही. आधी त्याला विचारा. उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या.

आता तुमचा गैरसमज. ही संस्था हिरालाल रॉय यांनी १९४७ मध्ये स्थापन केली, मुख्यालय कोलकात्यात. अशा संस्था निघाल्या त्या ‘आम्ही नुसते केमिस्टही नाही आणि नुसते मेकॅनिकलवालेही नाही’ हे सांगायला. इंग्लंडमध्ये जॉर्ज डेव्हिसनं १८८० मध्ये केमिकल इंजिनिअर्सची सोसायटी काढायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढच्या वर्षी निघालेल्या संस्थेच्या नावात ‘इंजिनिअर’ शब्द आलाच नाही. अमेरिकेत अशी संस्था १९०८ मध्ये झाली, ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये. डेव्हिसचा मुद्दा तुम्हाला पटकन कळेल: रस आटवा, दूध आटवा की कॉस्टिक, इव्हॅपोरेटरचं, म्हणजे आटवण्याच्या यंत्राचं, गणित एकच. तुमच्या कारखान्यातल्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीला (भांड्याला) व्हॅक्यूम का लागतो, हे ज्याला समजलं त्याला दूध संघातही काम जमतं. म्हणजे परीक्षा देऊन मिळणारं संस्थेचं सदस्यत्व ही त्या बिरादरीची ओळख. तो धंद्याचा परवाना नव्हे. डॉक्टर-वकिलांसारखी इंजिनिअरसाठी सक्तीची नोंदणी आपल्याकडे नाही. कारखान्यात कायदा प्रमाणपत्र मागतो ते बॉयलर चालवणाऱ्यासारख्यांकडे. तुमच्या साहेबांच्या काळात त्या परीक्षेला पदवीची बरोबरी होती. आता ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ती बरोबरी मिळत नाही. साहेबांची शिडी भिंतीवरून काढून ठेवली आहे, आणि तुम्ही पोराला तीच चढायला सांगताय.

डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या होतात. केमिकल शाखा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातही आहे. खुल्या प्रवर्गात असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळते. पण प्रवेश कॅपमधूनच हवा. ‘डोनेशन’च्या जागेवर गेलात की ती गेली. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलला रांग लागते.

संस्थेचं विद्यार्थी सदस्यत्व कॉलेजात गेल्यावर जरूर घेऊ दे. पसंतीक्रमाचा फॉर्म मात्र त्याला एकट्याला भरू दे. तुम्ही होस्टेल आणि मेसचा हिशेब बघा.