हिमॅटॉलॉजी वॉर्डात येण्याआधी: नागपूरच्या सिस्टरला उत्तर

तू विचारलंस की नागपूरला सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात चार वर्षं काढलीस, आता इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने हिमॅटॉलॉजी (रक्ताच्या आजारांच्या) वॉर्डसाठी निवडलंय, तर तुझा अनुभव इथे कामाला येईल का आणि येण्याआधी काय वाचायचं. शेवटी लिहिलंस, "ताई, मॉर्फिन मी आजवर दोनदाच दिलंय, त्याचीच भीती जास्त वाटते." मॉर्फिन म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, मी तिथूनच सुरुवात करते. बाकीचं इथे आल्यावर शिकता येतं.

मी चंद्रपूरची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) नागपूरला केलं, काही वर्षं तिथेच नोकरी केली. लंडनला रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात आता नऊ वर्षं झाली. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा (हे तिन्ही रक्ताचे कॅन्सर), थॅलेसेमिया असे पेशंट असतातच, पण आमच्याकडे वर्षभर वर्दळ असते ती सिकलसेलवाल्यांची, म्हणजे ज्यांच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्यांची. इथले बहुतेक सिकलसेल पेशंट आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाचे, आणि त्यातले बरेचसे लंडनमध्येच राहणारे. त्यामुळे लंडनबाहेर शिकलेल्या कितीतरी इंग्रज नर्सनी सिकलसेलचा क्रायसिस (वाकलेल्या पेशींनी रक्तवाहिन्या अडून उठणारं तीव्र दुखणं) प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. तू गडचिरोलीचे, मेळघाटातले पेशंट हाताळलेस. हात-पाय सुजलेली तान्ही बाळं पाहिलीस, प्लीहा एकदम वाढून रक्त उतरलेली पोरं पाहिलीस. मुलाखतीत हे ठासून सांग. पुस्तकात लिहितात की भारतातल्या पेशंटांमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं म्हणून आजार सौम्य असतो. विदर्भातल्या वॉर्डात नाईट केलेल्या कुणाला ते तेवढं सोपं वाटणार नाही.

आता दुखण्याचं. मी इथे नवीन असताना एक पंचविशीचा पेशंट आला. फोनवर मित्राशी बोलत होता, मधूनच हसत होता. दुखणं किती विचारलं तर म्हणाला, दहापैकी नऊ. माझा विश्वास बसला नाही. आधी दुसऱ्या खाटेचं अँटिबायोटिक लावलं, मग एकीच्या रक्ताच्या पिशवीची तपासणी केली, आणि त्याच्याकडे पोचले तेव्हा पाऊण तास झाला होता. माझ्या वरिष्ठ सिस्टरने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "त्याला हे लहानपणापासून होतंय. त्याने तुझ्यासाठी रडून दाखवायचं का?"

त्या रात्री मला आमच्या नागपूरच्या वॉर्डातला एक मुलगा आठवला. गडचिरोलीतल्या कोरचीकडून आलेला, भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. तो काहीच बोलत नव्हता, म्हणून आम्हीही काही विचारलं नाही. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि सलाईन, झालं. एक बोलत होता म्हणून त्याचं खरं वाटलं नाही, दुसरा गप्प होता म्हणून त्याचं कळलंच नाही. आजार दोघांचा एकच होता. सिकलसेलचं दुखणं रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, नाडी आणि रक्तदाबही कधीकधी अगदी बरे असतात. पेशंट सांगतो तेवढंच आपल्या हातात असतं. म्हणून विचारायचं, आकडा लिहायचा आणि मानायचा.

इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१२ पासून हेच सांगतात: क्रायसिस घेऊन आलेल्या पेशंटला ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळालं पाहिजे, आराम पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी पुन्हा विचारलं पाहिजे, त्यानंतर निदान दर चार तासांनी. पेथिडीन (मॉर्फिनसारखं एक औषध) द्यायचं नाही, कारण त्याचा शरीरात साठणारा अंश झटके आणू शकतो. नियम कागदावर असूनही पाळले जात नाहीत, हे २०२१ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय गटाच्या अहवालाने उघड सांगितलं. पेशंटांना नशेसाठी औषध मागणारे समजलं जातं, असंही त्यात आहे. हा संशय तुझ्या वॉर्डातही भेटेल, कदाचित चांगल्या स्वभावाच्या माणसांच्या तोंडून. हँडओव्हरमध्ये (ड्युटी बदलताना) कुणी "हा नेहमीचाच" म्हणालं, तर तू त्याच्या खाटेपाशी जाऊन पुन्हा विचार.

मॉर्फिनची भीती वाटते ते चांगलंच आहे, पण ती भीती योग्य जागी असू दे. श्वास थांबण्याआधी माणूस गुंगीत जातो. म्हणून आकड्याइतकंच गुंगीकडे लक्ष: हाक मारल्यावर डोळे उघडतो का, बोलता बोलता झोपतो का, मिनिटाला श्वास किती. सुरुवातीचे सहा तास हे तासाला बघायचं. श्वास मंद झाला आणि हाकेला ओ नसेल तर मॉर्फिन थांबव, ऑक्सिजन लाव, मदतीला ओरड, नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) तयार ठेव. आमच्याकडे बरेचदा पीसीए पंप असतो: कुलूपबंद सिरिंज, पेशंटच्या हातात बटण, दोन डोसांमध्ये पंप स्वतः अडवतो. ते बटण फक्त पेशंटने दाबायचं. आई, बायको, मित्र कुणी प्रेमाने दाबायला गेलं तर तिथल्या तिथे थांबव. झोपलेल्या माणसाला गुंगी किती चढली हे त्यांना कळत नाही. कपाटाला कुलूप, रजिस्टरमध्ये शिल्लक मोजून दोघींच्या सह्या, उरलेलं दोघींच्या देखत टाकून देणं, ही शिस्त आठवड्याभरात अंगवळणी पडते. मॉर्फिनने शौच अडतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्यासोबतच सुरू झालं का ते बघ, ते हमखास राहतं.

आणि दुखणं छातीत आलं, ताप चढला, ऑक्सिजन ९५ किंवा खाली गेला, तर तो नुसता क्रायसिस समजू नकोस. अक्यूट चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमध्ये फुप्फुसात होणारा गंभीर बिघाड) काही तासांत माणूस नेतं. डॉक्टरला फोन करताना "जरा बघाल का" असं नको. "मला अक्यूट चेस्टची शंका आहे, आत्ता या" असं बोलायचं. आपल्याकडे आपल्याला असं बोलायची सवय लागू देत नाहीत, इथे न बोललीस तर तुलाच विचारतील.

सलाईनचंही तसंच. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे पाणी कमी प्यायलं तरी ते शरीरातून जात राहतं आणि पेशी आणखी वाकतात. म्हणून पाणी हवंच. पण धडाधड दोन-तीन बाटल्या सोडल्या तर तेच पाणी फुप्फुसात जातं. किती गेलं, किती आलं हा तक्ता मनापासून भर.

आता क्षारांकडे येते. इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून नीट वाच. आपल्याकडे कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये येतं, ९ ते १० असलं की ठीक. इथे मिलिमोलमध्ये येतं, २.२ ते २.६ असलं की ठीक. मायलोमाच्या एका आजी गोंधळल्यासारखं बोलत होत्या, सारखं पाणी मागत होत्या, चार दिवस शौच नाही. रिपोर्ट ३.१. माझ्या डोक्यात जुने आकडे, मी डॉक्टरला सांगितलं, कॅल्शियम फार कमी आहे. ते आपल्या हिशेबाने साडेबाराच्या आसपास, म्हणजे फार जास्त होतं. डॉक्टरने स्वतः रिपोर्ट उघडला म्हणून आजींना सलाईन आणि कॅल्शियम उतरवणारं झोलेड्रोनेट वेळेवर मिळालं. तेव्हापासून मी आकड्याच्या आधी एकक वाचते. हिमोग्लोबिनला दहाने गुणायचं, आपलं ६.८ इथे ६८. साखरेला अठराने भागायचं, ९० म्हणजे ५. क्रिएटिनिन १ म्हणजे साधारण ८८. सोडियम, पोटॅशियम मात्र तेच राहतात. विमानात बसण्याआधी हे पाठ कर.

पोटॅशियमचे आकडे तेच असले तरी द्यायची पद्धत वेगळी. नागपूरला मी कितीदा केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) अँपूल फोडून बाटलीत सोडलंय. इथे ते घट्ट द्रावण साध्या वॉर्डात मिळतच नाही. २००२ च्या सुरक्षा सूचनेनंतर ते कुलपात गेलं, कारण चुकून थेट शिरेत जाऊन माणसं दगावली होती. तयार पिशव्या येतात, एका लिटरमध्ये २० किंवा ४० मिलिमोल. पंपाशिवाय लावायची नाही, आणि साध्या वॉर्डात वेग सहसा तासाला १० मिलिमोलवर जात नाही. बुरशीसाठी अँफोटेरिसिन चालू असेल तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही उतरतात. पोटॅशियम भरूनही चढत नसेल तर मॅग्नेशियम विचार.

उलट बाजूही रक्ताच्या वॉर्डातच जास्त दिसते. ल्युकेमियाची किमो सुरू झाली की पेशी भराभर फुटतात: पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक अॅसिड चढतं, कॅल्शियम उतरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत दिवसातून अनेकदा रक्त तपासणीला पाठवलं जातं. युरिक अॅसिड मोडणारं रासब्युरिकेज दिलं असेल तर युरिक अॅसिडची नळी बर्फातच पाठवायची, नाहीतर औषध नळीतसुद्धा काम करत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. पोटॅशियम ६.५ च्या वर गेलं की ईसीजी, त्यात बदल दिसले तर कॅल्शियम ग्लुकोनेट, मग इन्सुलिन-ग्लुकोज. त्यानंतर काही तास साखर बघत राहा. पोटॅशियम उतरल्याच्या आनंदात साखर कोसळलेली कुणाच्या लक्षात येत नाही.

आता ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठीच्या परीक्षांचं थोडक्यात. सीबीटीच्या (संगणकावरच्या परीक्षेच्या) पहिल्या भागात औषधांचे हिशेब असतात, तिथे तुला अडचण नाही. ऑस्कीमध्ये (प्रात्यक्षिक परीक्षेत) दहा स्टेशन. आपल्या मुली कौशल्यात पडत नाहीत, बोलण्यात पडतात: नाव आणि जन्मतारीख पेशंटकडूनच वदवून घ्यायची, अॅलर्जी विचारायची, काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची. घरात आरशासमोर मोठ्याने बोलून सराव कर. इंग्रजीसाठी ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दे, त्यातलं लेखन आपल्या कामाच्या जवळचं असतं.

सही करण्याआधी रुग्णालयाला मेलवर तीन गोष्टी विचार: वॉर्डात सिकलसेल येतं का, किमो आणि पीसीएचं प्रशिक्षण किती महिन्यांत देतात, आणि आधी नोकरी सोडली तर किती पैसे परत मागतात. एजंटने नोकरी लावल्याचे पैसे मागितले तर देऊ नकोस. ब्रिटनच्या भरतीच्या नियमांप्रमाणे ते उमेदवाराकडून घ्यायचेच नसतात. कराराची प्रत आली की मला पाठव. ते पैसे परत करण्याचं कलम आपण दोघी मिळून वाचू, मग सही कर.