आरसेप हे चीनचं पूर्ण उत्तर नव्हे

अमेरिकेने टीपीपीची, म्हणजे चीनला वगळून पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार कराराची, मोट बांधली म्हणून चीनने आरसेप हा पूर्व आशिया आणि आसपासच्या देशांचा व्यापार करार काढला, असं बरेच जण समजतात. पण ते अर्धंच खरं आहे. चीनला पूर्व आशियाच्या करारात आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट), जपान आणि दक्षिण कोरिया एवढेच देश हवे होते. जपानला भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही हवे होते, कारण एकट्या चीनचं पारडं जड व्हायला नको होतं. ही ओढाताण बरीच वर्षं चालली. टीपीपीने वेग घेतल्यावर, २०११ मध्ये, चीनने जपानबरोबर संयुक्त प्रस्ताव देऊन आपला हट्ट सोडला. चीनचा खरा प्रतिसाद मला या माघारीत दिसतो. पुढची सूत्रं आसियानने हाती घेतली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आरसेपचा नारळ फुटला.

टीपीपीची धास्ती कशाची होती, ते एका शर्टावरून कळेल. शर्ट व्हिएतनाममध्ये शिवला एवढ्यावर शुल्कमाफी मिळणार नव्हती. सूत, कापड, शिलाई, सगळं सदस्य देशांतच व्हायला हवं होतं. व्हिएतनामचे कारखाने तर ढीगभर कापड चीनकडून घेत. म्हणजे चीनचं नावही न घेता चिनी कापड बाहेर! मग काही चिनी कंपन्यांनी थेट व्हिएतनाममध्येच सूतगिरण्या टाकल्या.

चीनचं सरकारही स्वस्थ बसलं नव्हतं. २०१३ मध्ये शांघायला मुक्त व्यापार क्षेत्र काढून खुलेपणाचे नियम छोट्या जागेत चालवून पाहिले. २०१५ मध्ये दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलियाशी वेगळे करार केले. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकाच टीपीपीतून बाहेर पडली. आरसेपवर २०२० मध्ये १५ देशांनी सह्या केल्या. भारत आदल्याच वर्षी बाहेर पडला होता.

आणि १६ सप्टेंबर २०२१ ला चीनने, ज्या कराराची धास्ती घेतली होती, त्याच्याच, अमेरिकेविना उरलेल्या देशांनी केलेल्या नव्या अवताराच्या, सीपीटीपीपीच्या, सदस्यत्वासाठी अर्ज केला. सहा दिवसांनी तैवाननेही केला. प्रवेशाला सगळ्या सदस्यांची संमती लागते. त्यांत ऑस्ट्रेलियाही आहे, आणि त्याच्याच बार्ली आणि वाईनवर चीनने २०२० मध्ये जबर शुल्क लादलं होतं. ते नंतर उठवलं. या करारात कामगारहक्कांच्याही अटी आहेत; चीनने सक्तीच्या मजुरीविरुद्धचे दोन आंतरराष्ट्रीय करारही २०२२ मध्ये मान्य केले. स्वतंत्र कामगार संघटनांना मात्र तिथे अजून जागा नाही.

मला विचाराल तर घोडं अडतं ते सीपीटीपीपीतल्या सरकारी कंपन्यांच्या प्रकरणावर. त्यांची यादी जाहीर करा, सरकारी मदतीने परक्या स्पर्धकाचं नुकसान करू नका, असं करार सांगतो. बँका, पोलाद, तेल अशी कळीची क्षेत्रं ज्या कम्युनिस्ट पक्षाच्या हाती आहेत, त्याने हे मान्य करणं म्हणजे सत्तेची एक दोरी सोडून देणं. शुल्क कमी करणं त्या मानाने सोपं.