सबडोमेनला वेगळं होस्टिंग खातं

प्रश्न: मुख्य साइट आणि ‘शॉप’ सबडोमेन एकाच सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) खात्यात आहेत. दुकानाचं काम दुसऱ्याकडे द्यायचंय, पण मुख्य साइटच्या फाइल त्याला दिसायला नकोत. काय करावं?

उत्तर: दुकानाला स्वतंत्र खातं द्या. त्यासाठी डब्ल्यूएचएम, म्हणजे सीपॅनेल खाती उघडायचं व्यवस्थापकाचं पॅनेल लागतं; ते रीसेलर (होस्टिंग पुढे विकणारा) किंवा सर्व्हरच्या मालकाकडे असतं. साध्या सीपॅनेलमधून नवं खातं उघडता येत नाही.

आधी फाइल आणि डेटाबेसचा बॅकअप घ्या, मग जुन्या खात्यातून सबडोमेन काढा. बहुतेकांचं इथेच अडतं: सबडोमेन तिथे असेपर्यंत डब्ल्यूएचएम ‘डोमेन आधीच आहे’ म्हणून अडवते. काढल्यावरही अडली, तर डीएनएस झोनमध्ये (डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींच्या यादीत) जुनी नोंद उरली आहे का पाहा. नव्या खात्यात डोमेन म्हणून सबडोमेनचं पूर्ण नाव लिहा आणि फाइल ‘पब्लिक_एचटीएमएल’मध्ये टाका. डेटाबेसच्या नावापुढे आता नव्या युजरचं नाव लागेल, म्हणून वर्डप्रेस असल्यास ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलमधली डेटाबेसची माहिती बदला. हे विसरलात की डेटाबेस जोडणीची चूक ठरलेलीच.

डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथली ए नोंद (नावाला सर्व्हरचा आयपी पत्ता जोडणारी) नव्या आयपीकडे वळवा. तिचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ साठवतात तो काळ) एक दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. एसएसएल (‘एचटीटीपीएस’साठीचं प्रमाणपत्र) त्यानंतरच मागा, कारण नाव नव्या सर्व्हरवर पोचल्याशिवाय सहसा पडताळणी होत नाही.

एक मात्र ध्यानात घ्या. फाइल वेगळ्या झाल्या तरी मुख्य साइटने अख्ख्या डोमेनसाठी लावलेल्या कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेल्या लॉगिनसारख्या खुणा) दुकानाकडेही जातातच. दुकान सांभाळणाऱ्यावर भरवसा नसेल, तर सरळ वेगळं डोमेन घ्या.