आधी भरती वजा कर, मग मॉडेल लाव

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या समुद्रपातळीचा अंदाज बांधायला ती थेट न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या मॉडेलमध्ये, ओतू नकोस. तिच्यातला बहुतेक चढउतार भरती-ओहोटीचा, म्हणजे चंद्रसूर्याच्या गणिताचा. मुख्य चांद्र घटकाचा आवर्तकाल 12.42 तास. हे गणित आधी हार्मोनिक विश्लेषणाने, म्हणजे पातळी अशा ठरावीक आवर्तकालांच्या घटकांत फोडून, सोडव. त्यासाठी तासागणिक नोंदी वर्षभराच्या तरी घे, नाहीतर जवळपास सारख्या आवर्तकालांचे घटक एकमेकांत मिसळतात. आणि वेळा जीएमटीतल्या आहेत की आपल्या घड्याळातल्या, ते बघ. साडेपाच तासांचा घोळ झाला तर ओहोटीच्या जागी भरती येऊन बसते!

भरती वजा केल्यावर जे उरतं, तिथे खरं काम. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढतं. वाऱ्याचा जोर वेगळा. या शेषाला साधं ऑटोरिग्रेशन, म्हणजे मागच्या नोंदींवरून पुढची काढणं, पुरतं, वारा आणि दाब सोबत घालून.

चाचणीसाठी नोंदी पत्त्यांसारख्या पिसू नकोस, शेवटचा अख्खा पावसाळा बाजूला ठेव. नुसत्या भरतीच्या कोष्टकापेक्षा मॉडेल सरस ठरत नसेल तर सोडून दे. उधाणाच्या दिवसांची चूक मात्र वेगळी मोज. भांगाला, म्हणजे भरती लहान असते त्या दिवसांत, 20 सेंटिमीटरचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. साडेचार मीटरच्या भरतीत, वरून पाऊस कोसळत असताना, पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात उतरतच नाही.