शुगरची गोळी चालू असताना 21 दिवसांचा दानिएल उपवास धरावा का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले, ख्रिस्ती कुटुंब. घरात पाच माणसं, मी 41, मिस्टर 46, मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि सासूबाई 72 च्या. मिस्टरांना चार वर्षांपासून शुगर आहे, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात, तरी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट (HbA1c) 8.4 आली आणि डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, तेव्हा 84 किलो होतं. मग मुंबईहून नणंद आली तिने दानिएल प्लॅनचं सांगितलं, त्यांच्या प्रार्थना गटात सगळ्यांनी केला म्हणे, बायबलमध्येच आहे, 21 दिवस फक्त भाज्या, फळं, कडधान्यं आणि पाणी, साखर नाही चहा नाही पाव नाही तळण नाही, मासे अंडी दूध काहीच नाही. आम्ही दोघांनी ठरवलं ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ येतोच आहे तर त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, सगळ्या घरानेच करूया, एकट्याला जमत नाही, सगळे करतील तर ह्यांनाही जमेल. फ्रीजवर तक्ता लावला, प्रत्येकाचं नाव, रोजचं वजन, आणि ज्याने मोडलं त्याच्या नावापुढे फुली.

आज बारावा दिवस. पहिले काही दिवस खूप छान गेले, रात्री तेर्स (रोझरीची प्रार्थना) झाली की सगळे एकत्र जेवतो, जे आमच्याकडे कधी व्हायचं नाही, ह्यांचं वजन नऊ दिवसांत 3 किलो उतरलं. पण नवव्या दिवशी हे कुडाळहून टेम्पो घेऊन येत होते, दुपारी जेवायला मिळालं नव्हतं, फक्त सकाळची फळं पोटात, आणि वाटेत दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. टेम्पो बाजूला लावला. सोबतच्या पोऱ्याने टपरीवरून चहा आणला तर ह्यांनी घेतला नाही, साखर सोडलीय, देवाला शब्द दिलाय म्हणाले, पाणी पिऊन प्रार्थना करत अर्धा तास बसले. घरी आल्यावर मी जबरदस्तीने खजूर दिले तेव्हा बरं वाटलं. सकाळची शुगर मात्र 180-190 येतेय, साखर पूर्ण बंद असूनही, रोज सात-आठ खजूर आणि दोन केळी खातात, ते नैसर्गिक म्हणून चालतं ना? सासूबाईंना बीपी आहे, त्या म्हणतात, "गो, माशाशिवाय माका जेवण जाणा नाय", आणि परवा त्यांनी गुपचूप सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून खाल्ला तर मुलीने तक्त्यावर फुली मारली, सासूबाई त्या रात्री जेवल्याच नाहीत. मुलगी दिवसातून दोनदा काट्यावर उभी राहते. मुलगा शाळेत मित्राच्या डब्यातलं खातो आणि घरी येऊन रडतो की देव रागावेल. ताई, आम्ही चांगल्या मनाने सुरू केलं होतं. अजून नऊ दिवस आहेत. पूर्ण करावं का?

– एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, बाकीचं सगळं नंतर, आधी कुडाळच्या रस्त्यावरचं. तुम्ही सांगितलेली लक्षणं शुगर एकदम खाली गेल्याची आहेत. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही, ती आपलं काम करतच राहते. पोटात सकाळची फळं, दुपारचं जेवण चुकलेलं, वर टेम्पो चालवणं. मिस्टरांनी गाडी बाजूला लावली हे देवाचे उपकार समजा. हे पत्र वाचल्यावर आजच डॉक्टरांना फोन करा, जे झालं ते जसंच्या तसं सांगा आणि गोळीचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि अर्धीही करू नका. आणि मिस्टरांचा उपवास आजच सोडा.

असं परत कधी झालं, म्हणजे थरथर, घाम, धडधड, सैरभैर वाटणं, किंवा मशीनवर 70 च्या खाली आकडा, तर लगेच चहाचे 3 चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून खाली असेल तर परत तेवढीच साखर, आणि बरं वाटल्यावर काहीतरी नीट खायचं, नाहीतर थोड्या वेळाने पुन्हा उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. टेम्पोत साखरेची पुडी कायम ठेवा आणि पोऱ्यालाही सांगून ठेवा. मिस्टरांना माझ्याकडून एवढं सांगा की त्या वेळची साखर हे औषध आहे, ती घेतल्याने कुठलाही शब्द मोडत नाही.

हे मी इतकं कळकळीने लिहितेय कारण माझे वडील श्रावणी सोमवार धरायचे, शुगरची गोळी घेऊन. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात चातुर्मास कडक. एका सोमवारी देवळाच्या पायऱ्यांवर ते कोसळले, डोक्याला टाके पडले. दुसऱ्या दिवशी शुद्धीत आल्यावर पहिला प्रश्न काय तर उपवास मोडला का. तेव्हापासून माझ्याकडे कुठल्याही धर्माचा माणूस उपवासाचं विचारायला आला की मी आधी गोळीचं नाव विचारते.

आता तुमचा मूळ घोळ. नणंदेने दोन वेगळ्या गोष्टी एक करून सांगितल्यात. तुम्ही करताय तो दानिएल उपवास. त्याचा आधार बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातले दोन प्रसंग, एक पहिल्या अध्यायातला, जिथे राजाच्या वाड्यात ठेवलेला दानिएल दहा दिवस फक्त भाजी आणि पाण्यावर राहतो, आणि दुसरा दहाव्या अध्यायातला, जिथे तो तीन आठवडे शोक करत चांगलंचुंगलं, मांस, मद्य सोडतो, 21 हा आकडा तिथला. दानिएल प्लॅन हा वेगळाच, तो कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये रिक वॉरन नावाच्या पास्टरांनी 2011 मध्ये सुरू केला. एका दिवसात शेकडो लोकांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देताना त्यांच्या लक्षात आलं की आपली माणसं फार जड झालीत, आणि आपण स्वतःही. त्यात डॉक्टर सोबत घेतले होते. त्यात श्रद्धा, आहार, व्यायाम, मन आणि सोबती अशा पाच गोष्टी आहेत, आणि मासे तर अजिबात वर्ज्य नाहीत! ताटाचं मोजमाप म्हणजे अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रथिनं (मासे, कोंबडी, कडधान्य यातलं काही), पाव ताट भात किंवा भाकरी, बाजूला थोडं फळ आणि प्यायला पाणी. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जे ताट सांगितलं त्यातही निम्मा भाग भाज्या-फळांचाच आहे. म्हणजे तुम्हाला जे हवं होतं ते या दुसऱ्यात आहे आणि तुम्ही पहिलं करत बसलात.

मी ख्रिस्ती नाही, म्हणून बायबलबद्दल शिकवायचा माझा अधिकार नाही, पण तुमच्या पत्रानंतर तो पहिला अध्याय मी दोनदा वाचला आणि दोन गोष्टी मनात राहिल्या. दानिएल परस्पर काही सुरू करत नाही, तो आधी देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला विचारतो, दहा दिवस बघ, मग तूच ठरव. तुमच्या घरात तो अधिकारी म्हणजे मिस्टरांचे डॉक्टर, आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. दुसरं, हा उपवास तो स्वतःसाठी आणि तीन मित्रांसाठी मागतो, वाड्यातल्या बाकी कोणावर लादत नाही. आणि दहा दिवसांनी ते चौघे बारीक झाले असं नाहीच तिथे, उलट अंगाने जास्त भरलेले दिसले असं आहे. काट्याचा तिथे संबंधच नाही.

माझ्या एका कॅथलिक मैत्रिणीकडून अजून एक समजून घेतलं. तुमच्या चर्चचाच नियम असा की उपवासाचं बंधन 18 पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत, मांस न खाण्याचं 14 पूर्ण झाल्यावर, आजारी माणसाला सूट, आणि मासे मांसात धरतच नाहीत. मग सासूबाई आणि चौथीतला मुलगा यांच्यावर चर्चने जे टाकलेलं नाही ते आपण फ्रीजवरच्या तक्त्याने का टाकायचं? मुलाला जवळ घेऊन तुम्ही दोघांनी हे सांगा, नाहीतर रविवारी मिस्सानंतर फादरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या तोंडून ऐकू दे. नऊ वर्षांच्या पोराने डब्यातल्या घासासाठी देवाला घाबरून रडायचं, हे मला वाचवेना.

तक्ता आजच काढा. मुलीच्या बाबतीत जरा जास्त लक्ष ठेवा, या वयात हाडं भरतात, रक्त लागतं, आणि दिवसातून दोनदा काट्यावर उभं राहणं ही सवय लागली की सुटायला फार त्रास होतो. काटा काही दिवस शेजारी ठेवायला द्या. ती जेवण टाळायला लागली, पाळी पुढे गेली किंवा सारखं जाड दिसते म्हणायला लागली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आजीची माफी तिनेच मागू दे, ओरडून नाही, समजावून.

सासूबाईंचं खरं सांगू का, त्यांचा हट्ट बरोबर आहे, फक्त मासा चुकला. बीपीला ताजा बांगडा, पेडवे, तारली चांगले, त्यात ओमेगा-3 असतं, प्रथिनं असतात. त्रास सुक्या खारवलेल्या बांगड्याचा, लोणच्याचा आणि पापडाचा, कारण दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या वर मीठ नको म्हणतात आणि सुक्या माशाच्या तुकड्यात केवढं जातं याचा आपल्याला अंदाजच नसतो. त्यांना ताज्या माशाचं तिखलं करून द्या, तळू नका, आणि सुकं कधीतरी महिन्यातून, नीट धुऊन.

मिस्टरांच्या खजुराचं. नैसर्गिक असला तरी खजुरात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असते, सात-आठ खजूर आणि दोन केळी म्हणजे साखर बंद केलीच नाही, नुसती भांडी बदलली. सकाळचे 180 चे आकडे आणि दुपारचा तो झटका या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होऊ शकतात, म्हणून वहीत आकड्यासोबत वेळ आणि काय खाल्लं ते लिहून डॉक्टरांना दाखवा. 3 किलोवर फार जीव ठेवू नका, पहिल्या दिवसांत उतरतं त्यात बरंचसं पाणी असतं. अजून एक, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 कमी होऊ शकतं आणि ते मिळतं मुख्यतः मासे, मांस, अंडी, दुधातून, तेव्हा डॉक्टरांना ती टेस्टही विचारून घ्या.

स्वयंपाकाचं तुम्हाला मी काय शिकवणार, आपल्याकडे सगळं आहेच, फक्त ताटात भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी असते ते उलटं करायचं. आता फणसाच्या कुयऱ्या आल्यात, शेवग्याच्या शेंगा आहेत, लाल माठ आहे, दोन भाज्या करा. कुळथाची पिठी करा, कुळथाच्या 100 ग्रॅममध्ये 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि ती पाच माणसांना परवडते. काळ्या वाटाण्याची उसळ करा, वाटपात खोबरं निम्मं घाला. ओल्या काजूगराची उसळ थोडेच दिवस मिळते, ती खा, पण ताटभर नको. रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी, नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलीग्रॅम कॅल्शियम, मुलीला आणि सासूबाईंना तेच हवंय. सोलकढी चालेल, बाटलीतलं कोकम सरबत नको, त्यात पाक असतो. चहा बिनसाखरेचा घ्या, तो सोडायची गरज नाही. एकच जेवण सगळ्यांना, मिस्टरांसाठी वेगळं पातेलं ठेवू नका, मुलाला भात वाढवून द्या, दूध-अंडं द्या, बस.

आणि तेर्सनंतर एकत्र जेवणं चालू ठेवा. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं ते होतं, आणि उपवासकाळ संपला तरी ते संपायचं कारण नाही. शक्य असेल तर जेवण लवकर करा आणि मग दोघं अर्धा तास किनाऱ्यावर चालून या, शेजारचं एखादं जोडपं सोबत घ्या, त्या प्लॅनमधल्या सोबतीचा अर्थ तोच आहे. तुम्हाला स्वतःला, गोळी-औषध काही नसेल तर, उरलेले नऊ दिवस पाळायचे असतील तर पाळा, तुमच्यापुरते. मिस्टरांना काहीतरी सोडायचंच असेल तर बेकरीतलं बटर-खारी आणि नानकटाई सोडू द्या, ईस्टरपर्यंत, ते डॉक्टरही मान्य करतील.

टेम्पो चालवायला बसण्याआधी मशीनवर बघायचं आणि दुपारचा डबा बरोबर न्यायचा, हे उद्यापासून. डॉक्टरांनी गोळीबद्दल काय सांगितलं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.