बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला नोकरी कुठे मिळेल?

तुमच्या भाच्याचा मित्र पुढच्या महिन्यात धुळ्यातल्या बालगृहातून सुटतोय आणि तुम्ही नोकरीचं विचारताय. नोकरीवर येतोच. पण आधी त्याचं बँकेचं पासबुक मागून बघा.

खातं अज्ञान (म्हणजे अठराच्या आतला) म्हणून उघडलेलं असतं, पालक म्हणून सही अधीक्षकांची. अठरा पूर्ण झाले की ती सही चालत नाही. स्वतःची सही आणि नवी केवायसी होईपर्यंत पैसे निघत नाहीत. पोऱ्या काउंटरवर उभा राहतो. आधारवर पत्ता बालगृहाचा, मोबाइल नंबर संस्थेचा, ओटीपी जातो ऑफिसातल्या टेबलावर. म्हणून क्रम असा: अठरा झाल्याबरोबर स्वतःच्या नावाचं सिम, मग आधार केंद्रावर नंबर जोडणं, मग बँक. उलटं केलं की तीन चकरा वाढल्या समजा. जन्मदाखला, दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला हे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नये. संस्थेच्या कपाटात राहिलेला दाखला मागाहून मिळवणं म्हणजे डोक्याला ताप.

दुसरं, ‘अठरा झाले, आता कमवा आणि खा’ हे कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये पुढच्या आधाराची तरतूद आहे. त्याला अनुरक्षण म्हणतात: २१ वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिन्याला ४००० रुपये. खोलीभाडं आणि मेस यातच ते संपतात, तरी सोडायचे कशाला? त्यासाठी बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. अर्ज आताच, तो आत असतानाच, जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या आणि पोच घ्या.

‘आई आहे ना, मग घरी पाठवा’ म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर पाठवलेला पोऱ्या दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो, आयटीआयचा फॉर्म तसाच राहतो. हां, एक मात्र खरं: आई किंवा वडील हयात असतील तर अनाथ प्रमाणपत्र नाही, म्हणजे अनाथांचं १ टक्का आरक्षणही नाही. अनुरक्षणाला मात्र अनाथ असण्याची अट नाही. हे दोन्ही एकच समजून भलेभले अर्जच करत नाहीत.

आता नोकरी. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल, चटई, पाइपचे कारखाने आहेत, हात लागतातच. पण खातं बंद असेल तर ठेकेदार पगार दुसऱ्याच कुणाच्या खात्यात टाकतो, आणि पोऱ्याच्या हातात किती पडेल ते मग त्या दुसऱ्याच्या मर्जीवर.